नरसय्याचं काय करायचं? एका एकांकिकेतल्या साथीदार पात्राचा प्रकरण अभ्यास

सोलापुरातल्या एका हौशी नाट्यगटाने स्पर्धेसाठी हेरकथेची एकांकिका बसवायला घेतली. वेळेची मर्यादा ४५ मिनिटं, प्रवेश पाच, पात्रं सहा. बाज मुद्दाम जुन्या दूरदर्शन मालिकांचा ठेवला होता: तल्लख, जरा तऱ्हेवाईक तपास करणारा आणि त्याच्या मागेपुढे वावरणारा साथीदार.

गोष्ट शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतल्या एका चादर कारखान्यात घडते. मालकाने नवं डिझाइन करून घेतलंय. त्याचा माल बाजारात जायच्या आधीच हुबेहूब तीच नक्षी दुसऱ्या कारखान्याच्या चादरीवर दिसते. पोलिसात जायची मालकाची तयारी नाही, कारण बोभाटा झाला तर व्यापारी ऑर्डरच थांबवतील. म्हणून तो निवृत्त फौजदार दिनकररावांना बोलावतो आणि कारखान्याची माहिती द्यायला नरसय्याला त्यांच्यासोबत देतो. नरसय्या तिथला सर्वांत जुना जॉबर, म्हणजे माग लावणारा आणि बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. घरची भाषा तेलुगू. बाकी पात्रं मालक, दिवाणजी, डिझाइनर आणि विणायच्या सुताच्या कांड्या भरणारी लक्ष्मीबाई.

रंगीत तालमीला बाहेरची माणसं बोलावली आणि खेळ संपल्यावर प्रत्येकाला गोष्ट चार वाक्यांत लिहायला सांगितली. ही कसोटी कुठल्याही गटाने करून बघावी. तोंडी विचारलं की माणसं ‘छान झालं’ म्हणून मोकळी होतात. लिहायला बसली की जे मनात राहिलं तेवढंच कागदावर उतरतं. दिनकरराव, दिवाणजी, डिझाइनची चोरी, लक्ष्मीबाईचं रडणं असं सगळं कागदांवर आलं. नरसय्या एकाही कागदावर नव्हता, आणि तो पाचही प्रवेशांत रंगमंचावर होता.

यावर गटात दोन मतं पडली. दिग्दर्शकाचं म्हणणं, पात्र गाळावं. एक नट कमी, प्रवासखर्च कमी, प्रयोग आटोपशीर. नरसय्याची भूमिका करणारा नट म्हणाला, संवादच कमी आहेत तर लक्षात राहणार कसा? लेखकाने नटाचं ऐकलं. नरसय्याला जास्तीची वाक्यं दिली, विनोद घातले, मागावर आडवा धागा नेणारा धोटा गडबडून हातातून पडण्याचा एक प्रसंग घातला. प्रयोग ४९ मिनिटांवर गेला. पुन्हा चार वाक्यांची कसोटी घेतली तेव्हा दोन कागदांवर ‘साहेबांबरोबर एक विनोदी माणूस होता’ एवढं आलं. हशा मिळाला, तरी नाव कुणालाच आठवलं नाही.

साथीदार झाकोळला की पहिला उपाय म्हणून त्याला जागा वाढवून दिली जाते. आमच्या मते हीच सगळ्यात मोठी गल्लत आहे, आणि या संहितेत ती आकड्यांतच सापडली.

पेन्सिलीने केलेली मोजणी

वाढवलेल्या संहितेत नरसय्याचे ६४ संवाद होते. प्रत्येक संवादापुढे एक खूण करायची असं ठरलं: होकार, प्रश्न, विनोद, माहिती किंवा निर्णय. एका संवादात दोन गोष्टी असतील तर ज्यामुळे प्रसंग पुढे सरकतो ती धरायची. हिशोब असा निघाला: ‘हो साहेब’, ‘बरोबर साहेब’ या जातीचे २७, प्रश्न २१, विनोद ९, माहिती ७, निर्णय शून्य.

त्या सात माहितीच्या संवादांवर जास्त वेळ घालवणं फायद्याचं ठरलं. प्रत्येकापुढे दुसरी खूण केली: ही गोष्ट दिनकररावांना आधीच कळली होती का? सातपैकी सहा ठिकाणी उत्तर ‘हो’ आलं. म्हणजे नरसय्या बोलायचा तेव्हा दिनकररावांना ठाऊक असलेलीच गोष्ट प्रेक्षकांसाठी पुन्हा सांगत होता. उरलेला एक संवाद होता, ‘चहा आलाय, साहेब.’

यापेक्षा गंभीर प्रकार तिसऱ्या प्रवेशात होता. तो समजायला जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, थोडी माहिती हवी. चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर उतरवलेली असते. धोटा एकदा या टोकाकडून त्या टोकाला गेला की एक पुठ्ठा पुढे सरकतो. भोक असेल तिथे ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. सगळे पुठ्ठे दोरीने ओवून त्यांची माळ केलेली असते आणि ती मागाच्या डोक्यावर फिरत राहते. चोराने रात्री ही माळ सोडवून पुठ्ठ्यांची नक्कल केली आणि परत ओवताना दोन पुठ्ठ्यांची जागा चुकली, तर चादरीवर नक्षीत एक बारीक आडवी खोट उमटते. माळ फिरतीच असल्यामुळे नक्षी जितक्यांदा येईल तितक्यांदा ती खोट त्याच जागी येते. सोमवारी विणलेल्या चादरीत ती नाही आणि मंगळवारच्या चादरीत आहे, म्हणजे माळेला हात लागला तो मधल्या रात्री.

फार सुंदर पुरावा आहे हा. मूळ संहितेत तो कोण शोधतो? दिनकरराव, खिशातलं भिंग काढून. आणि आयुष्य मागांवर काढलेला नरसय्या शेजारी उभा राहून विचारतो, ‘म्हणजे काय साहेब?’

प्रकरणाचं मूळ इथे सापडलं. लेखकाने नायकाला हुशार दाखवण्यासाठी साथीदाराच्या धंद्यातलं ज्ञान काढून नायकाला दिलं होतं. जॉबरला जे पहिल्या नजरेत दिसायला हवं ते फौजदाराला दिसत होतं. असं एकदा झालं की त्या पात्राला कितीही संवाद द्या, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. मग होकार, प्रश्न आणि विनोद यांवरच भागवावं लागतं.

जुन्या मालिकांतल्या जोड्या काय सांगतात

नमुना म्हणून गटाने ज्या मालिका धरल्या होत्या त्यांच्याकडे आता वेगळ्या नजरेने बघणं भाग होतं. ‘नुक्कड’ (१९८६) लगेच बाजूला ठेवली. तिथे मुळात एकच नायक नाही, चौकातली सगळीच माणसं गोष्ट चालवतात, त्यामुळे या प्रश्नाला तिचा उपयोग नव्हता.

‘करमचंद’ (१९८५) ही मालिका नमुन्यादाखल सगळ्यांच्या डोक्यात होती. पंकज कपूरचा गाजर खाणारा गुप्तहेर करमचंद आणि सुश्मिता मुखर्जीची किटी, त्याची सहायक. किटी प्रश्न विचारते, करमचंद तिला ‘शट अप किटी’ म्हणून गप्प करतो. लोकांच्या तोंडी बसलेलं किटीचं वाक्य कुठलं, असा प्रश्न तालमीत निघाला तेव्हा सगळ्यांनी हेच सांगितलं, आणि ते किटीचं नाही. तिचं नाव लक्षात राहिलं ते नायकाच्या तोंडून. २००७ मध्ये ही मालिका सोनीवर नव्याने आली तेव्हा किटीच्या भूमिकेत सुचेता खन्ना होती. अभिनेत्री बदलली, जागा तीच राहिली. सुश्मिता मुखर्जीने किटीला जो जिवंतपणा दिला तो तिच्या अभिनयाचा. संहितेने तिला प्रश्न विचारण्यापलीकडे फार काही दिलेलं नव्हतं. नरसय्याचे २१ प्रश्न याच साच्यातले होते.

पण प्रश्न विचारणारा नेहमीच खालच्या पायरीवर असतो असंही नाही. १९८५ मध्येच आलेल्या ‘विक्रम और बेताल’मध्ये प्रश्न बेताल विचारतो. अरुण गोविलचा राजा त्याला पाठीवर घेऊन चालतो, सज्जन यांचा बेताल गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं टाकतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होतील. बोलला तर बेताल पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. दोन्हीकडून किंमत मोजावी लागते. किटीच्या प्रश्नाने करमचंदचं काही बिघडत नाही, बेतालाच्या प्रश्नाने राजाची सगळी रात्र उलटते. म्हणून मोजणीत नुसते प्रश्न किती हे बघून भागत नाही. या प्रश्नामुळे कुणाचं काय जाणार आहे, हे प्रत्येक प्रश्नापुढे लिहावं लागतं. नरसय्याच्या एकवीसही प्रश्नांपुढे काहीच लिहिता आलं नाही.

‘ब्योमकेश बक्शी’ (१९९३) मधली जोडी, रजित कपूरचा तपास करणारा ब्योमकेश आणि के. के. रैनाचा त्याचा मित्र अजित, या कामात सर्वांत उपयोगी पडली. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बहुतेक मूळ कथांमध्ये अजित हा निवेदक आहे. रहस्य तो उलगडत नाही, पण गोष्ट त्याच्या नजरेतून आपल्यापर्यंत येते, त्यामुळे त्याची जागा पक्की असते. आणखी एक बारीक गोष्ट आहे. दोघांची पहिली भेट होते त्या ‘सत्यान्वेषी’ कथेत अजित मेसमध्ये आधीपासून राहतोय आणि ब्योमकेश खोटं नाव सांगून त्याच्या खोलीत राहायला येतो. नायक साथीदाराच्या जागेत पाहुणा म्हणून शिरतो. पुढे ब्योमकेश कितीही मोठा झाला तरी पहिली ओळख अशी झालेली आहे, आणि ती पुसली जात नाही.

मराठीत याचा सर्वांत भक्कम नमुना म्हणजे गुंड्याभाऊ. चिं. वि. जोशींच्या कथांत बोलणारा चिमणराव. पण मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावासोबत बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आला आणि तो त्यांना जन्मभर चिकटला. १९७९ च्या चित्रपटाच्या नावात दोघांचीही नावं आहेत. चिमणराव भित्रा, गुळमुळीत. गुंड्याभाऊ दणकट आणि तोंडावर बोलणारा. जे करायची चिमणरावाची छाती होत नाही ते गुंड्याभाऊ करून टाकतो, आणि त्यातून कधी सुटका होते, कधी नवीच आफत ओढवते. तो स्वतः ठरवतो आणि त्याच्या ठरवण्याचे परिणाम दोघांना भोगावे लागतात. नरसय्याच्या हिशोबातला निर्णयाचा रकाना शून्य होता, तो इथे भरलेला दिसतो.

पुनर्लेखन

लेखकाने संहितेची सुरुवात संवादांपासून केली नाही. आधी एक तक्ता केला. उभ्या रकान्यांत पाच प्रवेश, आडव्या ओळींत दोन नावं, आणि प्रत्येक घरात एकच नोंद: या प्रवेशाच्या सुरुवातीला याला काय माहीत आहे जे दुसऱ्याला नाही? जुन्या संहितेत नरसय्याची सगळी घरं रिकामी होती. नव्या तक्त्यात नियम केला की निदान तीन घरं भरलीच पाहिजेत, आणि त्यातल्या एकात तरी त्याने जाणूनबुजून लपवलेली गोष्ट हवी.

लपवायचं काय, हे कथेतच पडलेलं होतं. जुन्या संहितेत चोरीच्या रात्री कारखान्याचं दार उघडणारा एक बिननावाचा राखणदार होता. तो आता नरसय्याच्या बहिणीचा मुलगा झाला, श्रीनिवास. तो रंगमंचावर कधीच येत नाही. दिवाणजीने त्याला थोडे पैसे देऊन किल्ली मिळवली. या एका बदलाने नरसय्याचं प्रत्येक वाक्य महाग झालं.

पहिला प्रवेश पूर्वी असा होता: दिनकरराव येतात, मालक ओळख करून देतो, नरसय्या त्यांची पिशवी धरतो. आता पडदा उघडतो तेव्हा नरसय्या एकटा मागाशी काम करतोय, मागाचा खडखडाट चालू आहे. दिनकरराव आत येऊन काहीतरी बोलतात, ऐकू येत नाही. पुन्हा बोलतात. नरसय्या हातातलं काम संपवतो आणि मग माग बंद करतो. बोलणं सुरू कधी व्हायचं हे त्याने ठरवलं. अजितच्या खोलीत आलेला ब्योमकेश इथे उपयोगी पडला. तांत्रिक बाजू जपायला हवी: आवाज रेकॉर्ड केलेला असल्यामुळे साउंड ऑपरेटरने क्यू संवादावर घेऊ नये, नटाच्या हातावर घ्यावा. माग बंद करायच्या दांड्यावरून हात खाली आला आणि आवाज अर्धा सेकंद उशिरा थांबला की प्रेक्षक हसतात आणि सगळी उभारणी वाया जाते. ऑपरेटरला विंगेतून नटाचा हात दिसत नसेल तर दांडा रंगमंचाच्या दुसऱ्या बाजूला हलवावा. या गटाला तो हलवावाच लागला.

दुसऱ्या प्रवेशात लक्ष्मीबाईची चौकशी होते. जुन्या संहितेत ती दिनकररावांच्या सोयीसाठी शुद्ध मराठी बोलत होती. पूर्व भागातल्या कारखान्यात कांड्या भरणारी बाई घाबरलेली असताना तेलुगूतच बोलेल, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. आता ती तेलुगूत सलग अर्धा मिनिट बोलते. नरसय्या ऐकतो, थांबतो आणि म्हणतो, ‘नाकु तेलियदु म्हणते, साहेब. माहीत नाही म्हणते.’

सोलापूरच्या प्रेक्षागृहात बऱ्याच लोकांना तिचं बोलणं कळणार, आणि दिनकररावांच्या आधी त्यांना समजणार की नरसय्या काहीतरी गिळतोय. पण प्रयोग पुण्याला किंवा आणखी कुठे झाला तर? यावर सोपा उपाय निघाला. तिच्या बोलण्यात ‘श्रीनिवास’ हे नाव दोनदा, स्पष्ट आणि वाक्याच्या शेवटी येतं. भाषा न कळणाऱ्यालाही नाव ऐकू येतं आणि नरसय्याच्या मराठीत ते नाही हेही कळतं. भाषांतर कुठेच दिलेलं नाही.

तिसऱ्या प्रवेशात भिंग गेलं. नरसय्या दोन चादरी उजेडात धरतो, खोट दाखवतो, पुठ्ठे कसे ओवतात ते सांगतो. हे समजावणं दीड मिनिटाच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ते व्याख्यान होतं. प्रेक्षकाला ‘माळ परत ओवताना दोन पुठ्ठे चुकले’ एवढं कळलं की पुरे. पुरावा त्याने दिला, पण कुठल्या दिवसापासूनच्या चादरींत खोट आहे हे तो सांगत नाही. त्या रात्री दारावर कोण होतं हे त्याला ठाऊक आहे.

चौथ्या प्रवेशात दिनकरराव त्याला धरतात. ‘बाई एवढं बोलल्या, तुम्ही मात्र दोन शब्दांत उरकलंत.’ नरसय्या पहिल्यांदा नकार देतो: ‘ते मी सांगणार नाही, साहेब.’ या एका वाक्यासाठी तीन प्रवेश उभारलेत, म्हणून त्याच्या लगेच आधी कुठलाही विनोद नको, असं टिपणात लिहून ठेवलं.

पाचव्या प्रवेशात पूर्वी दिनकरराव सगळ्यांना गोळा करून सलग सहा मिनिटं उलगडा करायचे. आता साडेतीन मिनिटं होतो, आणि चोरीची रात्र कोणती हे नरसय्या स्वतः सांगतो. दिवाणजी पकडला जातो, त्याच्यासोबत श्रीनिवासही.

वरच्या संवादात एक गोष्ट लक्षात आली असेल: दिनकरराव ‘तुम्ही’ म्हणतात. जुन्या संहितेत ते पहिल्या क्षणापासून ‘अरे नरसय्या’ म्हणत होते, आणि नरसय्या त्यांच्यापेक्षा वयाने मोठा आहे. कारखान्यातली माणसं त्याला अण्णा म्हणतील, मालकही एकेरीवर येणार नाही. बाहेरून आलेल्या फौजदाराने ‘अरे’ म्हणणं त्याच्या सवयीत बसतं, म्हणून पहिल्या प्रवेशात ते ठेवलं. माग बंद होण्याची वाट बघायला लागल्यावर तो ‘अहो’वर येतो. एकही जादा संवाद न लिहिता नरसय्याची उंची वाढली.

उभं कुठे राहायचं

टीव्हीवरच्या साथीदाराला एक आधार असतो जो रंगमंचावर मिळत नाही. नायक बोलत असताना कॅमेरा कट होऊन साथीदाराच्या चेहऱ्यावर जातो. के. के. रैनाचा अजित नुसता ऐकत असतानाही आपल्या नजरेसमोर राहतो, कारण ती चौकट फक्त त्याची असते. मालिका बघून लिहिलेल्या संहितेत लेखकाच्या डोक्यात हे कट असतात, आणि रंगमंचावर ते नाहीसे होतात. उरतो तो नायकाच्या डाव्या खांद्यामागे, अर्धवट उजेडात उभा असलेला माणूस. सर्व तालमींत नरसय्या तिथेच उभा होता.

याला तीन इलाज केले. तिसऱ्या प्रवेशात नरसय्या पुढे आणि दिनकरराव मागे, टेबलापाशी बसलेले. लाइट दोघांवर सारखा. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: दिनकररावांचं काम करणाऱ्या नटाने ठरलेल्या पाच जागी बोलणं थांबवून नरसय्याकडे बघायचं, पुरते दोन सेकंद. प्रेक्षक नायकाच्या नजरेमागे जातो. कॅमेऱ्याचा कट इथे नायकाच्या मानेने घ्यायचा असतो. म्हणजे साथीदाराला पुढे आणण्याचं निम्मं काम नायक करणाऱ्या नटाकडे असतं, आणि त्याने ते मनापासून केलं नाही तर बाकी सगळं फोल आहे.

अमेरिकी दूरचित्रवाणीवर याचा मोठा दाखला आहे. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘द अँडी ग्रिफिथ शो’मध्ये विनोदी पात्र मुळात अँडी ग्रिफिथचं असायचं होतं. डॉन नॉट्सचा दुय्यम पोलीस बार्नी फाइफ काय करू शकतो हे सुरुवातीलाच दिसल्यावर ग्रिफिथ स्वतः गंभीर बाजूला सरकला आणि विनोदाची जागा त्याला दिली. नॉट्सला या भूमिकेसाठी पाच एमी पुरस्कार मिळाले, आणि मालिका ग्रिफिथच्याच नावाने चालत राहिली.

उलट नरसय्याच्या नटाला एक सवय मोडावी लागली. मागे उभा असताना तो मान हलवणं, घाम पुसणं, कपडा झटकणं असं काहीतरी सतत करायचा. दुर्लक्षित राहिलेला नट असं करतोच. पण त्यामुळे नेमक्या क्षणी त्याने केलेली हालचाल गर्दीत हरवते. दुसऱ्या प्रवेशात लक्ष्मीबाई बोलत असताना त्याने अजिबात हलायचं नाही. ‘श्रीनिवास’ हे नाव दुसऱ्यांदा आलं की फक्त हातातली कांडी खाली ठेवायची. बाकी काही नाही.

नव्याने झालेल्या चुका

नव्या संहितेच्या पहिल्या वाचनात तोल उलटा गेला. पुरावा नरसय्याकडे, भाषा नरसय्याकडे, चोरीची रात्र नरसय्याकडे. दिनकररावांना करायला काही उरलं नाही आणि हे फौजदार इथे आले कशाला, असा प्रश्न वाचणाऱ्यांनी विचारला. पुन्हा तक्त्याकडे जावं लागलं. नायकाचं ज्ञान वेगळ्या जातीचं हवं. नरसय्याला माग कळतो, दिनकररावांना माणसं कळतात. खोट दाखवताना नरसय्याने तारीख का टाळली हे त्यांना जाणवतं, दिवाणजी पैशाबद्दल न विचारताच खुलासा देतो हे त्यांच्या लक्षात येतं. हे दोन धागे चौथ्या प्रवेशात एकत्र आणल्यावर दोघंही उभे राहिले.

दुसरी चूक नटाच्या आग्रहातून आली. त्याला एक पालुपद हवं होतं, प्रत्येक प्रवेशात म्हणायचं वाक्य, म्हणजे लोक लक्षात ठेवतील. लोक वाक्य लक्षात ठेवतात, हे खरं. पण १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’त दरवाजा तोडणारा दया प्रचंड लोकप्रिय झाला तेव्हा त्याच्याबद्दल बोलताना लोक दरवाजाबद्दलच बोलू लागले, आणि ‘दया, दरवाजा तोड दो’ हेही वाक्य दुसऱ्याचंच. ४५ मिनिटांच्या खेळात पालुपद आलं की प्रेक्षक पुढच्या वेळी ते कधी येतंय याची वाट बघतो आणि नकाराचं वाक्य ऐकतच नाही. पालुपद काढलं.

तिसरी चूक वेळीच थांबली हे चांगलं झालं. नरसय्याच्या मराठीवर तेलुगू हेल चढवून हशा घ्यायचा, असा विचार एका तालमीत सुरू झाला होता. साथीदाराची बोली हा विनोदाचा कच्चा माल समजण्याची खोड जुनी आहे. ज्या शहरात ती बोली प्रेक्षागृहात बसलेली असते तिथे ते अपमानास्पद आहे, आणि कथेच्या दृष्टीनेही घातक: ज्याच्या बोलण्यावर आपण हसतो त्याचं लपवणं आपल्याला गंभीर वाटत नाही. नरसय्या आता सोलापूरचं मराठी बोलतो, ‘काय करलालाव’ म्हणणारं, जे तिथे तेलुगू, कन्नड, मराठी घरांतली माणसं सारखंच बोलतात. दिनकररावांचं मराठी वेगळं, बाहेरचं.

शेवटचे आकडे

ठरलेल्या संहितेत नरसय्याचे संवाद ६४ वरून ४१ वर आले: होकार ५, प्रश्न ८, विनोद ३, माहिती १७, निर्णय किंवा नकार ८. प्रयोग ४४ मिनिटांत बसला. हा खेळ आधी न पाहिलेल्या लोकांसमोर पुन्हा चार वाक्यांची कसोटी घेतली तेव्हा बहुतेक कागदांवर नरसय्या नावानिशी होता, आणि काहींनी गोष्टीची सुरुवातच ‘एका जॉबरचा भाचा...’ अशी केली होती. पात्र गाळावं म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला आता ते गाळून दाखवायला सांगितलं तर दुसऱ्या प्रवेशापासून गोष्टच थांबते.

लक्ष्मीबाईचं काम मात्र राहिलंय. तक्त्यात तिची ओळ घालून बघितली तेव्हा तिची सगळी माहिती नरसय्याच्या हातून पुढे जाते असं दिसलं. नरसय्याचं जे झालं होतं तेच आता तिचं झालंय. तिने दुसऱ्या प्रवेशात नरसय्या चुकीचं सांगतोय हे ओळखून दिनकररावांकडे बघून एकच मराठी शब्द बोलावा, असा पर्याय सुचला होता. त्याने चौथ्या प्रवेशाची उभारणी मोडते, म्हणून ४५ मिनिटांच्या खेळात तो घेतला नाही. स्पर्धेनंतर याचं दोन अंकी नाटक करायचा विचार आहे. त्यात श्रीनिवास पकडला गेल्यानंतरचा कारखाना दाखवायचा आणि दुसऱ्या अंकाची सुरुवात लक्ष्मीबाईपासून करायची, एवढं आत्ता ठरलंय.